मारुतीपासून अकरा अंश

पोळ्यानंतरच्या पहिल्या सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास ग्रामपंचायतीच्या गच्चीवर बसवलेली टीव्हीची चार फुटी छत्री मोटरच्या जोरावर दक्षिणेकडे वळली आणि थांबली. ती दक्षिण नव्हती, हे मान्य व्हायला एकोणीस दिवस लागले.

गाव गोदावरीच्या काठावर आहे, सिरोंच्यापासून वीस-बावीस किलोमीटरवर. मी तेव्हा चंद्रपूरच्या एका दैनिकाला त्या भागातून बातम्या पाठवत होतो आणि ग्रामपंचायतीच्या मागच्या एका खोलीत राहत होतो. दोन्ही वेळचे जेवण समोरच्या खानावळीत. गावात निम्म्या घरांत तेलुगू बोलतात, निम्म्यांत मराठी, आणि भांडताना दोन्ही.

सभागृहासाठी टीव्ही आणि छत्री मंजूर झाली होती. फुकट दिसणाऱ्या मराठी वाहिन्या एका उपग्रहावर होत्या आणि तेलुगू दुसऱ्यावर. छत्री बसवायला सिरोंच्याच्या बाजारातून टीव्ही दुरुस्त करणारे मिस्त्री आले. मुळाशी पांढरी झालेली दाढी, खांद्याला तारेचे भेंडोळे. त्यांनी गच्ची पाहिली आणि दोन मिनिटांत उपाय सांगितला.

"दोन छत्र्या लावा, मधात एक स्विच टाका, खेळ खतम."

"मंजुरीत छत्री एक नग आहे," ग्रामसेवक म्हणाले. ते नाशिककडचे होते आणि बदलीच्या प्रतीक्षेत होते.

"मंग एकीनं दोन कसे पाहायचे?"

"मोटर बसवा. मोटर आनुषंगिक साहित्यात येते."

"अन् स्विच नाई येत?"

"स्विच दोन छत्र्यांच्या मध्ये असतो. दुसरी छत्री कुठे आहे?"

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिले. मी लिहून घेत होतो. ते मोटर आणायला निघून गेले.

मोटर आणि टीव्हीजवळचा रिसीव्हरचा डबा यांचा व्यवहार त्यांनी नंतर सरपंचबाईंना समजावला, तो असा. गच्चीवरून खाली येणारी तार एकच असते. तिच्यातून चित्र खाली येते, वीज वर जाते आणि हुकूमही वर जातो. विजेचा दाब तेरा व्होल्ट आहे की अठरा, यावरून छत्रीच्या तोंडाशी असलेल्या डोळ्याला कळते की उभ्या लहरी घ्यायच्या की आडव्या. हुकूम म्हणजे एक सूर. माणसाच्या कानाला तो ऐकू येत नाही. तो ठरावीक तुकड्यांत तोडून पाठवला की त्याचा अर्थ होतो. स्विच असेल तर 'दुसरी छत्री जोड', मोटर असेल तर 'दुसऱ्या जागेवर जा'.

"अन् मोटर काय म्हणते?" सरपंचबाईंनी विचारले. त्या पहिल्यांदाच निवडून आल्या होत्या आणि प्रत्येक बैठकीला स्वतः येत. तालुक्यात याची चर्चा होती.

"मोटर काईच म्हणत नाई, बाई. हा डब्बा फक्त सांगते. छत्री फिरली का अटकली, त्याले मालूम नसते. पडद्यावर पट्टी दाखवते, 'छत्री फिरत आहे'. मंग थोडा वेळ थांबते अन् समजून घेते का काम झालं."

ग्रामपंचायतीत हे कोणाला दुसऱ्यांदा समजावून सांगावे लागले नाही.

मोटरला एक गोष्ट मात्र माणसाने द्यावी लागते. ती शून्यावर असताना छत्रीचे तोंड नेमके दक्षिणेला हवे. तेवढे जमले आणि गावाचे अक्षांश-रेखांश भरले, की कोणता उपग्रह किती अंशांवर आहे हा हिशेब रिसीव्हर स्वतः करतो. मिस्त्रींनी खिशातून मोबाइल काढून त्यातले होकायंत्र उघडले.

"मोबाइल कशाला?" ग्रामसेवक म्हणाले. "मारुती आहे ना."

जमलेल्यांनी माना डोलावल्या. ग्रामपंचायतीसमोर रस्त्याच्या कडेला मारुतीचे देऊळ आहे. हा मारुती दक्षिणमुखी. गावात मुले दिशा त्याच्यावरून शिकतात. घराचा दरवाजा दक्षिणेला नको, म्हणून गवंडी आधी मारुतीसमोर उभा राहून हात पसरतो आणि मग दोरी लावतो. मयताचे डोके कुठे करायचे हेही त्याच्यावरूनच ठरते. गावात यापूर्वी होकायंत्र आल्याची नोंद नाही.

"मोबाइल तर वेगळंच सांगून राह्यला," मिस्त्री म्हणाले.

"या जिल्ह्यात जमिनीत लोखंड आहे. होकायंत्र चुकणारच."

"लोखंड तिकडं एटापल्लीच्या डोंगरात आहे, साहेब. इथी रेती आहे."

"ओढ लागते."

एटापल्ली तिथून शंभर किलोमीटरच्या पुढे आहे. मिस्त्री काही क्षण मारुतीकडे पाहत राहिले. "मी त्याईच्याशी वाद घालणारा कोण, भाऊ," असे मला म्हणून त्यांनी मोबाइल खिशात ठेवला आणि खांबाचे बोल्ट मारुतीच्या नजरेला समांतर आवळले.

मराठी वाहिन्यांचा उपग्रह त्यांनी रिमोटने छत्री पुढे-मागे ढकलत पकडला आणि ती जागा रिसीव्हरमध्ये साठवली. सभागृहात चित्र दिसले. टाळ्या झाल्या, नारळ फुटला. मी चार ओळींची बातमी पाठवली आणि तीत 'दक्षिणाभिमुख डिश' असे लिहिले. ती तशीच छापून आली. तिची दुरुस्ती आजवर प्रसिद्ध झालेली नाही.

मग तेलुगू वाहिन्यांसाठी दुसरी जागा दाबली. छत्री गुरगुरत फिरली, थांबली. पडद्यावर निळा रंग आला आणि त्यावर 'सिग्नल नाही' अशी अक्षरे. मिस्त्रींनी तासभर ढकलून पाहिले. निळा रंग गेला नाही.

गावातल्या बहुतेकांना याने फारसा फरक पडत नव्हता. खानावळीच्या बाईंना पडत होता.

बाई मूळच्या नदीपलीकडच्या. त्यांच्या नवऱ्याला जन्मापासून ऐकू येत नाही. तो उन्हाळ्यात गवंडीकाम करतो आणि पावसाळ्यात डोंग्यातून मासेमारी. त्यांना एकच मुलगी. ती बोलायला शिकण्याच्या आधी वडिलांशी हातांनी बोलायला शिकली. पुढे हैदराबादला जाऊन तिने त्याच विषयाचा अभ्यासक्रम केला. त्या पोळ्याच्या सुमारास तिला एका तेलुगू वाहिनीवर काम मिळाले. दुपारी एकच्या बातमीपत्रात पडद्याच्या कोपऱ्यात जो गोल असतो, त्यात उभे राहून बातम्या खुणांनी सांगायच्या. काम महिनाभराचे होते, बाळंतपणाला गेलेल्या दुसऱ्या बाईच्या जागी, सोमवार ते शुक्रवार.

"सगळं गाव टीव्ही पाहते अन् हा लोकायची तोंडं पाहते," बाईंनी मला वाढताना सांगितले. "चाळीस वर्षं झाले, बातम्या काय राह्यतात त्याले माहीत नाई. आता घरचीच पोरगी सांगून राह्यली, तं तेबी दिसत नाई."

मोबाइलवर पाहायचा प्रयत्न झाला होता. टॉवर वीज असेपर्यंत चाले आणि चित्र दर काही सेकंदांनी फिरत्या चक्रावर अडे. ऐकणाऱ्याला आवाज तुटला तरी अंदाज बांधता येतो. हात मध्येच थांबले की वाक्यच राहत नाही. घरगुती लहान छत्रीवर ती वाहिनी येत नव्हती. एकदा दोघे सिरोंच्याला गेले. तिथल्या हॉटेलमालकाचे रिचार्ज सकाळीच संपले होते.

म्हणून बाई रोज ग्रामपंचायतीत जाऊन विचारू लागल्या. ग्रामसेवकांनी तिसऱ्या दिवशी जिल्ह्याला पत्र लिहिले. मी त्याची प्रत पाहिली आहे. 'सदर उपग्रह आपल्या जागेवर आढळून येत नाही, तरी योग्य ती कार्यवाही व्हावी.' मध्ये गणपती आले. उत्तर बाराव्या दिवशी मिळाले. प्रस्तावासोबत स्थळाचे जिओटॅग छायाचित्र जोडलेले नसल्याने तो परत करण्यात येत होता.

"कोणाचं छायाचित्र?" सरपंचबाईंनी विचारले.

"स्थळाचं."

"म्हणजे वरचं?"

ग्रामसेवकांनी पत्र पुन्हा वाचले. "तसा स्पष्ट उल्लेख नाही," ते म्हणाले.

चौदाव्या दिवशी मिस्त्री दुसऱ्या एका कामासाठी गावात आले आणि खानावळीत जेवायला बसले. बाईंनी त्यांना भात वाढला आणि समोरच उभ्या राहिल्या.

"मिस्त्रीभाऊ, खरं सांगा. उपग्रह हरपला का?"

"उपग्रह काऊन हरपन, बाई? तो काय म्हैस आहे का?" त्यांनी कोपऱ्यातले दोन विळे मागवले आणि टेबलावर एकमेकांवर ठेवले. "हा वरचा विळा म्हणजे आकाशातली लाइन. सारे उपग्रह ह्या लाइनवर बसून आहेत. हा खालचा म्हणजे आपली छत्री जाते तो रस्ता. दक्षिण बराबर असली तं दोन्ही एकावर एक बसते. दक्षिण तिरपी असली तं असं." त्यांनी खालचा विळा थोडा फिरवला. "एकाच जागी कापून राह्यले ना? तिथी मराठी सापडली. बाकी साऱ्या ठिकाणी छत्री बाजूनं जाते."

"मंग तिरपं कोण आहे?"

मिस्त्रींनी भात कालवायला सुरुवात केली.

बाईंचा नवरा दारात जाळे शिवत बसला होता. टेबलावरचे विळे पाहून तो उठून आत आला. खालचा विळा त्याने आणखी थोडा फिरवला, मग खिडकीतून देवळाकडे बोट केले, स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि दोन्ही तळवे जोडून हळूच एका बाजूला वळवले. मिस्त्रींनी घास तसाच धरला.

"काय म्हणते?"

बाईंनी नवऱ्याला खुणेने काही विचारले, त्याने तेच पुन्हा केले, या वेळी जोरात.

"तो म्हणते, मीनंच बसवला. रस्ता रुंद झाला तवा. ओटा रस्त्याच्या लाइनीत बांधा म्हणून सांगितलं होतं, तं मारुतीबी ओट्याच्या लाइनीत बसला. थोडा वाकडा."

"मंग तवा काऊन नाई सांगितलं?"

बाईंनी मिस्त्रींचा प्रश्न खुणेने विचारला. नवऱ्याने दोन्ही हात वर करून खाली सोडले. याचा अर्थ त्यांनी सांगितला नाही.

मिस्त्रींनी जेवण झाल्यावर मोबाइल घेऊन देवळासमोर पाच मिनिटे घालवली. ते परत आले आणि मला म्हणाले, "अकरा डिग्री, भाऊ. पण तुम्ही माझं नाव नका लिहू."

रस्ता रुंद होऊन दोन वर्षे झाली होती. त्या काळात गावात तीन नवी घरे उभी राहिली होती आणि तिन्हींचे दरवाजे मारुतीवरून ठरले होते. त्यातले एक सरपंचबाईंचे होते. शिवाय पितृपक्ष लागला होता, आणि दक्षिण कुठे आहे हा प्रश्न काढायला गावात कोणी तयार नव्हते. ज्यांनी आपल्या माणसांना दोन वर्षांत त्या दिशेने निरोप दिला होता, त्यांच्यात कुजबुज सुरू झाली. ग्रामसेवक म्हणाले की गवंड्याचे म्हणणे तोंडी आहे आणि तेही तोंडी नाही.

शनिवारी ग्रामसभा झाली. खुर्च्या भरल्या, उरलेले दारात उभे राहिले. एका म्हाताऱ्याने मारुती वाकडा म्हणणाऱ्याला गावाबाहेर काढा असे सुचवले. दुसऱ्याने विचारले, "अन् तुझ्या घराचा दरवाजा कुठी हाय आता, सांग ना!" तिथून पुढे वीस मिनिटे दोन्ही भाषा चालल्या. बाई मागच्या भिंतीशी उभ्या होत्या. आवाज थोडा उतरल्यावर त्या एवढेच म्हणाल्या, "पोरीचे पाच दिवस राह्यले. मारुती कुठीबी पाहो. मले छत्री पाहिजे."

सरपंचबाईंनी ठराव स्वतः सांगितला आणि ग्रामसेवकांनी लिहून घेतला. मारुतीची दिशा पूर्वीप्रमाणे दक्षिण हीच राहील. उपग्रहाच्या सोयीसाठी डिशचा खांब मारुतीपासून अकरा अंश वळवण्यात यावा. ठराव एकमताने मंजूर झाला. उपग्रहाच्या वतीने कोणी हजर नव्हते.

सोमवारी सकाळी मिस्त्रींनी खांब वळवला. दुसरी जागा दाबल्यावर छत्री फिरली आणि तेलुगू वाहिनीचे चित्र आले. साडेबारापर्यंत सभागृहात साठ-सत्तर माणसे जमली. बाईंनी खानावळ बंद ठेवली होती. नवरा पहिल्या रांगेत, धुतलेल्या सदऱ्यात, पडद्यापासून चार हातांवर बसला. घरातल्या खुणा आणि मुलीने शिकून आणलेल्या खुणा यांत फरक होता. ती सुट्टीत आली की दोघे त्यावरून भांडत आणि अशा भांडणांतून तो तिच्या बऱ्याच खुणा शिकला होता, असे बाईंनी सांगितले.

एक वाजला. निवेदक दिसला आणि उजव्या कोपऱ्यात, गोलात, निळ्या कुर्त्यातली मुलगी. सभागृहात ओरडा झाला. मुलीचे हात चालू लागले. तिसऱ्या मिनिटाला चित्र फुटले, चौकोन चौकोन झाले आणि गेले.

ग्रामसेवकांच्या खोलीत दुसरा रिसीव्हर होता. जिल्ह्याचे प्रशिक्षण पहिल्या उपग्रहावरून दाखवले जाई आणि त्या दिवशी दुपारी एक ते दोन या वेळेत ते सक्तीचे होते. छत्री एक, मोटर एक आणि हुकूम देणारे दोन. जो शेवटी बटण दाबेल त्याचे मोटर ऐकत होती. सभागृहातून कोणी दाबले की छत्री तेलुगूकडे निघे, खोलीतून दाबले की अर्ध्यातून परत. दोन्ही पडद्यांवर 'छत्री फिरत आहे' अशी पट्टी होती आणि दोन्ही खऱ्या होत्या.

"साहेब, हात काढा ना बटनावरून!" सरपंचबाई खोलीच्या दारात उभ्या राहिल्या.

"मॅडम, हजेरी लागते माझी."

"पडदा सुरू ठेवा. हजेरी पडद्याची लागते, तुमची नाई."

मिस्त्री तोवर गच्चीवर पोचले होते. त्यांनी खोलीकडे जाणारी तार सांध्यातून काढून घेतली. ग्रामसेवक पुढे दहा मिनिटे बटण दाबत राहिले आणि त्यांचा रिसीव्हर प्रत्येक वेळी छत्री फिरवल्याचे सांगत राहिला. त्यांची त्या प्रशिक्षणातली उपस्थिती पूर्ण नोंदली गेली आहे.

एक वाजून नऊ मिनिटांनी सभागृहात चित्र परत आले. आवाज होता, पण ऐकू येत नव्हता, कारण अर्धी माणसे ग्रामसेवकांना आणि अर्धी एकमेकांना काही तरी सांगत होती. बाईंचा नवरा हलला नव्हता. मुलीने एक हात आडवा धरून हळूहळू वर नेला, मग दुसऱ्या हाताने तो ढकलल्यासारखे केले. तो उभा राहिला. मागे वळून त्याने लोकांना हात केले, वरच्या दिशेला, पुन्हा पुन्हा.

"छत्री फिरली पुन्हा!" कोणी तरी ओरडले आणि चौघे जिना चढून गच्चीवर गेले.

"छत्री नाई!" बाई म्हणाल्या. "पाणी म्हणते. वरच्या धरणातून सोडलं. नदी चढन म्हणते."

ग्रामसेवक खोलीतून बाहेर आले होते. "अशी कोणतीही अधिकृत सूचना नाही," ते म्हणाले.

बातमीपत्र संपायला अकरा मिनिटे बाकी होती. बाईंचा नवरा शेवटपर्यंत थांबला नाही. पडद्याकडे एकदा पाहिले, चपला घातल्या आणि नदीकडे गेला. बाई त्याच्या मागे गेल्या. त्याने स्वतःचा डोंगा आणि जाळी वर ओढली, मग काठावरचे आणखी पाच डोंगे सोडवून झाडांना बांधले. गच्चीवर गेलेले चौघे खाली उतरल्यावर त्यांच्यातले दोघे मदतीला गेले. मी साडेचारला घाटावर पोचलो तेव्हा पाणी वरच्या पायरीवर होते. दोन डोंगे वाहून गेले. त्यांचे मालक सभागृहात होते.

सात वाजता मुलीचा फोन आला. बाई चुलीपाशी होत्या आणि मी जेवत होतो.

"पाह्यलं का बाबांनी?"

"पाह्यलं. अर्धंच पाह्यलं. उठून गेला."

"काऊन?"

"तूच सांगितलं ना, पाणी येऊन राह्यलं म्हणून. डोंगा ओढाले गेला."

नवरा समोर बसून खात होता. त्याने खुणेने विचारले, कोण? बाईंनी उजव्या हाताच्या बोटांनी हवेत लहानसा गोल काढला. त्याने ताट बाजूला सरकवले आणि फोनकडे पाहून उत्तर दिले.

"काय म्हणते?" मी विचारले.

"म्हणते, हात आणखी थोडा वर धर. दिसत नाई."

त्यांनी ते फोनवर सांगितले. मंगळवारी एकच्या बातमीपत्राला तो पुन्हा पहिल्या रांगेत होता आणि शुक्रवारपर्यंत रोज.

गोदावरीची पातळी वाढण्याची शक्यता असल्याची सूचना ग्रामपंचायतीला मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता मिळाली. तोवर पाणी घाटाच्या दोन पायऱ्या उतरले होते.